नंबर दे, मग आत जातो

अंगणवाडीच्या मीटिंगला मॅडम कधीच वेळेवर येत नाहीत. तेवढ्या वेळात आम्ही सेविका चहा मागवतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "सुमनताई, ते मालगाडीचं सांगा की." मी म्हणते, अगं बायांनो, कॅन्सरचं घर ते, त्यात कसलं हसताय? पण सांगायला लागले की एकाच्या शेपटाला धरून दुसरा किस्सा येतो. भिजत घातलेली मटकी भांड्यात मावेनाशी होते ना, तसं झालंय माझं.

एक आधीच सांगून ठेवते. त्या दिवसांत मला कशाचाच पत्ता नव्हता. डॉक्टर बोलायचे, मी मान हलवायची. शेजारीण बोलायची, मी मान हलवायची. दोघं एकमेकांच्या अगदी उलट बोलले तरी मी मान हलवायची. नंदीबैल बरा, त्याला निदान मालक तरी एकच असतो.

*

आमचे हे, यशवंत, रेल्वेत गेटमन होते. दौंडच्या अलीकडं सोळा नंबरचं फाटक, तिथंच सगळी नोकरी झाली. उसाचे ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या जीपा, शेरडं, सगळ्यांना अडवायचं आणि ओरडायचं, हे काम. आवाज असा, की हे फाटकावर खोकले तर पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठायची.

रिटायर झाले आणि वर्षाच्या आत तो आवाज बसला. आधी वाटलं, ओरडायची सवय मोडली म्हणून बसला असेल. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी नाकातनं दुर्बीण घातली आणि सांगितलं, स्वरयंत्राला कॅन्सर आहे.

डॉक्टर समजुतीनं बोलत होते. सात आठवडे लाईट द्यायची, म्हणजे मशीननं शेक. जोडीला आठवड्यातनं एकदा केमोची सलाईन. त्यानं गाठ विरघळली तर आवाज वाचेल. नाही विरघळली तर ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागेल.

मी काय करत होते म्हणता? त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक घसा होता, त्याचा एक तुकडा निसटून बाजूला पडला होता. हा कुणीतरी नीट बसवायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

ह्यांनी मात्र खिशातनं छोटी वही काढली. स्टेशन मास्तरचा फोन आला की ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं, ही ह्यांची नोकरीतली सवय. त्याच थाटात म्हणाले, "सात आठवडे. सोमवार ते शुक्रवार. गाठ गेली तर आवाज राहील, न्हाई गेली तर आवाज काढायचा. बरोबर?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मान नको. बरोबर म्हणा."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली आणि विचारलं, "आपलं नाव?"

डॉक्टरांचं नाव दारावर होतं, टेबलावर होतं, कोटावर होतं. तरी बिचाऱ्यांनी परत सांगितलं.

*

लाईटच्या पहिल्या दिवशी ह्यांच्या तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवून तयार होता. तो घालून टेबलाला क्लिपा लावतात, म्हणजे माणूस हलत नाही. मग सगळे बाहेर येतात आणि जाडजूड दार बंद होतं. आत माणूस एकटा.

दुखत नाही, दहा मिनिटांचं काम आहे, असं तिथली टेक्निशियन मुलगी सांगत होती. हे ऐकत होते, पण दाराशी पाय अडला. जन्मभर दुसऱ्यांना फाटकाबाहेर थांबवलं त्या माणसानं, आता त्यालाच आत कोंडणार होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमन, नंबर दे."

मी माझा मोबाईल नंबर सांगायला लागले. अठ्ठ्याण्णव, बावीस...

"त्यो न्हाई. गेटचा देतात तसला."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर फाटकावर फोन करतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि फोनवर एक दोन आकडी नंबर देतो. त्याच्याजवळ छापील कागद असतो, त्यातला. दोघंही तो लिहून घेतात. नंबर दिला म्हणजे शब्द दिला, की मी जागेवर आहे, गाडी जाईपर्यंत हलणार नाही. दिलेला नंबर खोडून टाकायचा, परत वापरायचा नाही. तोच नंबर परत आला तर मास्तर समजतो, गेटमनचं ध्यान ठिकाणावर नाही.

माझ्याकडं कुठला आलाय कागद? तोंडाला आलं ते बोलले, "सोळा." ह्यांच्या फाटकाचा आकडा. कितीदा डबा घेऊन गेले असेन मी तिथं.

ह्यांनी वहीत लिहिला आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा गालांवर जाळीचे ठसे होते. पहिला प्रश्न काय, तर "उठली न्हवतीस ना?"

उठले होते. लघवीला जाऊन आले होते. पण ते मी आजवर सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

*

आजाराची बातमी फुटली आणि आमच्या घरात पाणी यायला लागलं. शेजारच्या शेवंतामावशींनी देवीच्या देवळातनं तीर्थ आणलं, बाटलीतनं. रहीमभाई म्हणजे ह्यांचे फाटकावरचे जोडीदार, एकानं ड्यूटी सोडायची आणि दुसऱ्यानं धरायची असं तीस वर्षं चाललेलं. त्यांनी दर्ग्यातनं दुवा फुंकलेलं पाणी आणलं, तेही बाटलीतनं. रविवारी आमच्या विहारात भन्तेजींनी ह्यांच्यासाठी परित्राण पाठ घेतला. तिथलं पाणी मी स्वतः आणलं. बाटलीतनंच. आणि मी शहाणीनं काय केलं, तिन्ही एकसारख्या बाटल्या फ्रिजच्या दारात ओळीनं लावून ठेवल्या.

सकाळी गोळी द्यायला बघते तर कुठली कोणाची, काही कळेना. वास घेतला. उजेडात धरून बघितली. पाण्याला कसला आलाय रंग!

तेवढ्यात मांडवगण फराट्याहून माझा भाऊ आण्णा भाजीची पिशवी घेऊन मोटारसायकलवर आला. आण्णा आमच्यात वाचणारा माणूस, तत्त्वाला पक्का. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आपल्यात तीर्थ चालतं का? आपण काय शिकलो? टाकून दे ते."

मी म्हटलं, टाकते की, पण कुठली बाटली ते तू दाखव. आण्णा फ्रिज उघडून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. फ्रिज टूं टूं करायला लागला तरी उभाच. मला तर रडू येत होतं. चुकीची बाटली मोरीत ओतली तर? आपल्या विहारातलंच ओतलं तर? मावशी त्या गुडघ्यांनी देवळाच्या पायऱ्या चढल्या होत्या, ते ओतायचं तरी कसं?

हे उठून आले. तिन्ही बाटल्या काढल्या, आमच्या स्टीलच्या जगमध्ये एकत्र ओतल्या आणि ग्लास भरून गोळी घेतली. बसक्या आवाजात म्हणाले, "तिघंबी माझ्यासाठी चालत गेल्याती. पान्याला काय विचारायचं?"

आण्णानं फ्रिजचं दार लावलं. ऊन बरंच होतं, नदीपलीकडनं आला होता. थोड्या वेळानं त्यानंही अर्धा ग्लास मागून घेतला.

*

नंबर द्यायचं काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. रोज नवा पाहिजे. चौथ्या आठवड्यात एकदा मी म्हटलं, "चौतीस." ह्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि दारातच थांबले.

"हा झालाय. मागच्या मंगळवारी."

मी म्हटलं, झाला तर झाला, जा आता. हे हलेनात. टेक्निशियन मुलगी विनवायला लागली, काका चला, मागं सात जण थांबलेत. हे तिला म्हणाले, बाईचं ध्यान ठिकाणावर न्हाई, मी आत कसा जाऊ?

मग माझं डोकं सटकलं. पहाटे उठायचं, ह्यांचं पातळ जेवण करायचं, दौंडला पुण्याची गाडी धरायची, परत येऊन अंगणवाडीतल्या पोरांची वजनं मोबाईलवर भरायची, आणि वर ध्यान ठिकाणावर नाही! मी भर दालनात म्हटलं, "तुमच्या फाटकाची नोकरी मी धरलेली न्हाई!" सगळा बाक माझ्याकडं बघायला लागला. आणि खरं सांगू, नवा आकडा मला आठवतच नव्हता. डोळ्यांपुढं यायचे ते सगळे झालेले.

बाकावर पाबळचे एक आजोबा बसायचे, त्यांनाही घशाचंच होतं. ते म्हणाले, "माझं वय घे बाई, एक्काहत्तर." कुणी आपला टोकन नंबर देऊ केला, कुणी एसटीचा. हे कुणाचंच घेईनात. नंबर हिच्याच तोंडून आला पाहिजे म्हणाले. शेवटी मी म्हटलं, "एक्काहत्तर." हे आजोबांकडं संशयानं बघत राहिले, पण लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांची पाळी आली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून आजींना म्हणाले, "आगं, मला बी दे की एक."

आजींना काहीच माहीत नव्हतं. पिशवी मांडीवर धरून त्या म्हणाल्या, "कसला?"

"कसला बी."

आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, "धा."

आजोबा खुशीत आत गेले.

*

आता मालगाडी. पाचव्या आठवड्यात ह्यांचा घसा आतनं भाजल्यासारखा झाला. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. आहाराच्या मॅडम म्हणाल्या दूध, अंडी, सगळं वाटून द्या, वजन घटलं तर लाईट थांबवावी लागेल. मावशी म्हणाल्या दूध नको, कफ होतो. आण्णा म्हणाला साखर नको, मोबाईलवर आलंय. रहीमभाई म्हणाले, भाभी, फक्त बकऱ्याच्या पायाचा सूप. मी गोंधळून अंगणवाडीतल्या तक्त्यासारखा एक तक्ता केला आणि जे जे कुणी नको म्हटलं ते खोडत गेले. शेवटी कोमट पाणी उरलं.

तक्ता फाडला आणि मॅडमचं ऐकायचं ठरवलं. पण हे चमचाच तोंडाला लावेनात. पोरांना मी कावळ्या-चिमणीचा घास करून भरवते, तेही करून बघितलं. माझ्याकडं असं बघितलं की मी चमचा खाली ठेवला.

मग माझ्या लक्षात आलं. फाटकावर हे दुपारची मालगाडी गेल्याशिवाय डबा उघडायचे नाहीत. गाडी गेली, फाटक उघडलं की हात धुवायचे. आमचं घर लाईनीला लागूनच आहे. दुसऱ्या दिवशी वाटी पुढं ठेवली आणि म्हटलं, "मालगाडी गेली."

ह्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "डबं किती?"

मी काय मोजलेत? ठोकून दिलं, पंचेचाळीस.

"या टायमाला पंचेचाळीसची न्हाई," म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

तेव्हापासून मी रोज दुपारी परसात उभी राहून डबे मोजायला लागले. शेवंतामावशी आपल्या दारातनं बघायच्या. त्यांनी गल्लीत सांगितलं, यशवंताच्या आजारानं सुमीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सांगू दे. मी खरा आकडा सांगायची आणि हे उठून बसायचे, चार-पाच चमचे जायचे. वजन त्या चार-पाच चमच्यांवर टिकलं.

एकदा मोजता मोजता इकडं पेज करपली. अगदी काळी. दुसरी करायला वेळ नव्हता, गाडी तर गेलेली. भीत भीत तीच गाळून दिली. लाईटनं ह्यांच्या जिभेची चव पार गेली होती, तीन आठवडे गोड-तिखट काही कळत नव्हतं. ह्यांनी चमचा तोंडात घोळवला आणि वर बघितलं.

"आज काय घातलंस? कायतरी लागतंय."

पुढचे आठ दिवस मी पेज मुद्दाम करपवली.

*

सहाव्या आठवड्यात एका सकाळी हे खाटेवर बसले आणि म्हणाले, आता बास. गळ्याची कातडी सोलपटली होती. आवाज म्हणजे नुसती हवा उरली होती. ज्या आवाजासाठी चाललंय त्योच गेला, मग कशापायी जायचं, असं म्हणाले.

मी रागावले. मग समजावलं. मग परत रागावले. गाडीची वेळ निघून गेली. मी खाटेखाली जमिनीवर बसून राहिले आणि मला खरंच कळेना, की ह्यांना ओढून न्यायचं, का ह्यांचं ऐकायचं. माझ्या माणसाला एवढा त्रास होतोय आणि मी त्याला रोज तिथं घेऊन जाते, मी चांगलं करतेय का वाईट? कुणाला विचारणार?

तेवढ्यात रहीमभाई आले. आमच्याकडं बघून त्यांना सगळं समजलं असणार. पण आजाराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "यशवंता, सोळा नंबर काढलं रे. काल काढलं."

लाईनीखालनं भुयारी रस्ता झालाय, फाटक बंद होणार हे माहीत होतं. तरी ह्यांची मान वर आली. रहीमभाई म्हणाले, चल, बघून येऊ, बाहेर ओळखीच्याची गाडी उभी केलीय. हे चपला घालायला लागले. मी गुपचूप फाईल आणि वही पिशवीत टाकली.

फाटकावर काही म्हणजे काही नव्हतं. खांब उपटलेले, ह्यांच्या खोलीच्या जागी विटांचा ढीग. हे तिथं उभे राहिले. पलीकडनं एक ट्रॅक्टर भुयारी रस्त्यात शिरला आणि इकडनं वर आला. ना कुणी थांबवलं, ना कुणी ओरडलं. हे त्याच्याकडं बघत राहिले आणि मग कसेबसे म्हणाले, "मग आता हितं नंबर कोण देतं?"

"हितं कुणीच न्हाई," मी म्हटलं. "तिथं मी देते की."

मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. रहीमभाई तोंड फिरवून ढिगातल्या विटा बघत होते. मग आम्ही गाडीत बसलो. ती दौंडकडं वळली नाही, सरळ पुण्याच्या रस्त्याला लागली. पार लोणी आल्यावर ह्यांनी रहीमभाईंना एवढंच विचारलं, "ह्यो कुणाचा डाव? तुझा का हिचा?"

रहीमभाई म्हणाले, "फाटक तो सच में गया ना, यार."

*

सात आठवडे पुरे झाले. मग वाट बघायची होती, मग स्कॅन. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि खुर्ची पुढं ओढली. तेव्हाच मला कळलं. थोडी गाठ राहिली होती. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले.

ह्यांनी वही काढली. "आवाज जाईल, माणूस राहील. बरोबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. ह्या वेळी त्यांनी नावही आपणहून सांगितलं.

आवाज जाणार म्हटल्यावर आमची लेक मनीषा कोरेगाव भीमाहून रजा टाकून आली. तिथं कारखान्यात कामाला आहे ती. तिनं मोबाईल ह्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली, "पप्पा, काहीतरी बोला. आम्हाला ठेवायला." आण्णाही आला होता, त्याचाही मोबाईल तयार. मावशी, रहीमभाई, सगळे गोल करून बसले. कुणी म्हणालं, नातवाला आशीर्वाद द्या. कुणी म्हणालं, वंदना म्हणा. आण्णा म्हणाला, दाजी, आयुष्याचा अनुभव सांगा.

हे सगळ्यांकडं बघत राहिले. लग्नात फोटोसाठी उभं केल्यावर असेच ताठ झाले होते. घसा साफ केला. मनीषानं मोबाईल आणखी पुढं धरला.

मग ह्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली.

"सुमन, वास येतोय. गॅस बंद केला का?"

मी पळत गेले. दूध उतू गेलं होतं. परत आले तोवर मनीषानं मोबाईल खाली ठेवला होता आणि ती पदरासारखी ओढणी तोंडाला लावून हसत होती का रडत होती, सांगता येत नव्हतं. परत बोलायला ह्यांनी साफ नकार दिला. तेवढंच आहे आमच्याकडं. "सुमन, वास येतोय. गॅस बंद केला का?"

मी ते रोज एकदा ऐकते. आणि उठून गॅस बघते.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ह्यांना हिरवा गाऊन घातला. घड्याळ, चष्मा, करदोडा, सगळं काढून माझ्या हातात दिलं. वहीसुद्धा. मी ती पिशवीत घातली. मग स्ट्रेचरबरोबर चालायला लागले.

ऑपरेशनच्या दारापाशी नर्स म्हणाली, मावशी, तुम्ही इथंच थांबा. ह्यांनी हात वर केला. स्ट्रेचर थांबलं. मला खाली वाकायला लागलं, एवढा बारीक आवाज.

"नंबर."

रात्री मी पाठ करून ठेवला होता. खरंच ठेवला होता. पण त्या वेळी ह्यांचा तो आवाज ऐकला, शेवटचा, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. तोंडातनं आलं, "सोळा."

हे माझ्याकडं बघायला लागले. कपाळाला आठी पडली. काहीतरी म्हणायला ह्यांनी तोंड उघडलं, आणि स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं.

सहा-सात तास मी त्या दारासमोर बसले. मनीषा म्हणाली, आई, चहा घेऊन ये. रहीमभाई म्हणाले, भाभी, आम्ही बसतो, तुम्ही पाय मोकळे करा. मी उठले नाही. ह्या वेळी लघवीलासुद्धा उठले नाही.

आणि सगळा वेळ डोक्यात एकच. काय म्हणायचं होतं ह्यांना? शेवटचा शब्द होता तो ह्यांच्या आवाजातला आणि मी ऐकलाच नाही. मनीषाबद्दल होतं का काही? मला काही सांगायचं होतं? सांभाळून राहा म्हणणार होते का? एवढ्या वर्षांत कधी म्हणाले नाहीत ते म्हणणार होते का? मनीषाला विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, तुझं नाव घेत असतील. रहीमभाई म्हणाले, खुदा का नाम. आण्णा म्हणाला, पाणी मागितलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकटीला आत सोडलं. गळ्याला भोक, त्यात नळी, नाकात नळी. तोंड सुजलेलं. डोळे मात्र उघडे होते आणि दाराकडंच लागलेले. मी जवळ जाऊन हात धरला. ह्यांना बोलता येणारच नव्हतं.

आता बोलायचं कसं म्हणून मी अंगणवाडीतली एक पाटी आणि पेन्सिल पिशवीतनं आणली होती. ती ह्यांच्या हाताखाली धरली. एकेक अक्षर काढायला केवढा वेळ लागला. मध्येच पेन्सिल निसटली, नर्सनं उचलून परत दिली. लिहून झाल्यावर ह्यांनी पाटी माझ्याकडं फिरवली.

"सोळा झालाय. पहिल्याच दिवशी. नवीन दे."